फाइल दिसते, मग खेळ का चालत नाही?

हरमलच्या आमच्या घरी चवथीला पंधरा-सोळा माणसे जमतात. मुंबई-पुण्याहून आलेल्या मुलांना दिवस पावसाचे असल्यामुळे समुद्रावर जाण्याची सक्त मनाई असते, आणि पेडणे तालुक्यात पावसाळ्यात इंटरनेटची खात्री कोणी देत नाही. ते गेले की मुले ओरडतात, "वायफाय गेलं!" खरे तर वायफाय गेलेले नसते. राउटरला वीज मिळते आहे तोवर घरातल्या घरातले नेटवर्क चालूच असते, बंद झालेली असते ती बाहेर जाणारी वाट. एवढे लक्षात आले की माडीवरच्या संगणकातले खेळ खालच्या टीव्हीवर आणता येतात.

आमच्या टीव्हीला रास्पबेरी पाय ही हातभर केबल आणि मूठभर आकाराची पेटी जोडलेली आहे. तिच्यावर लिब्रेइलेक ही लिनक्स प्रणाली आणि तीत कोडी हा प्रोग्रॅम. कोडीची गंमत अशी, की त्याचा जन्मच मुळी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर झाला. त्या यंत्रावर सिनेमे पाहता यावेत म्हणून लोकांनी तो लिहिला, आणि खेळ चालवायची सोय त्यात आली ती थेट जानेवारी २०१९ मध्ये, अठराव्या आवृत्तीत.

संगणकातला फोल्डर शेअर करणे सोपे आहे. त्यासाठी वापरतात ती एसएमबी ही पद्धत १९८०च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली. पुढे १९९१च्या अखेरीस अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन तरुणाने तीच भाषा बोलणारा मोफत प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव शोधताना त्याने एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारे शब्द संगणकातल्या शब्दयादीतून काढले, आणि निवडले 'सांबा'. आज लिनक्सवरच्या असंख्य पेट्या विंडोजशी बोलतात ते सांबाच्याच जोरावर.

कोडीत फोल्डर जोडला, खेळांची यादी दिसली, आणि भाचा म्हणाला, "मामा, दिसतंय, पण चालत नाहीये!"

इथेच पुष्कळ जण अडतात आणि पासवर्ड बदलत बसतात. दोष पासवर्डचा नसतो. सिनेमा लावताना कोडी स्वतः नेटवर्कवरून फाइल वाचत जातो. खेळ मात्र कोडी चालवत नाही, ते काम एम्युलेटर करतो, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्रॅम. काही एम्युलेटर कोडीने वाचून हातात दिलेला मजकूर घेतात. बाकीचे म्हणतात, मला फाइलचा पत्ता द्या, मी स्वतः उघडतो. 'एसएमबी'ने सुरू होणारा पत्ता त्यांना कळत नाही. त्यांना पेटीतलाच साधा फोल्डर हवा असतो.

उपाय दोन. पहिला म्हणजे खेळ पेटीत कॉपी करा. जुन्या कार्ट्रिजचे खेळ इतके लहान असतात (पहिला सुपर मारिओ ब्रदर्स अवघा ४० केबी) की विचारही करू नये. सीडीवरचा खेळ मात्र ७०० एमबीपर्यंत जातो, आणि असे वीस-तीस झाले की पेटीचे मेमरी कार्ड भरत येते. तेव्हा दुसरा उपाय: माउंट करणे. कोडीला बाजूला ठेवून खुद्द प्रणालीलाच सांगायचे, की माडीवरचा तो फोल्डर हा तुझाच समज. लिब्रेइलेकमध्ये त्यासाठी एक छोटी मजकुराची फाइल लिहावी लागते. तिचे नाव फोल्डरच्या मार्गाशी तंतोतंत जुळावे लागते, फक्त तिरक्या रेघांच्या जागी आडव्या रेघा. एक अक्षर चुकले तरी काम होत नाही. साध्या अँड्रॉइड पेट्यांवर ही मुभा सहसा नसते, तिथे कॉपी करणेच बरे.

आणखी एक, माडीवरच्या संगणकाला राउटरमधून कायमचा पत्ता नेमून द्या, नाहीतर तो बदलला की जोडणी तुटते. आमच्या जुन्या घराच्या जाड चिऱ्याच्या भिंतींतून वायफाय धड पोचत नाही, म्हणून मी सरळ लॅनची केबल ओढली.

आता जरा गंभीर गोष्ट. हरमलात कितीतरी घरे पर्यटकांना खोल्या देतात, आम्हीही देतो. पाहुणा आधी वायफायचा पासवर्ड मागतो, पाणी नंतर. त्याच नेटवर्कवर आपण फोल्डर 'सर्वांसाठी खुला' केला, तर मागच्या खोलीतल्या अनोळखी माणसालाही तो खुला होतो, आणि त्याच्या शेजारी घरचे फोटो, आधार कार्डाच्या प्रती असतील तर त्याही. म्हणून पाहुण्यांसाठी राउटरमधले वेगळे 'गेस्ट' नेटवर्क चालू करा. शेअर करायचा तो फक्त खेळांचा फोल्डर, तोही केवळ वाचण्यापुरता, वेगळे नाव आणि पासवर्ड ठेवून. पेटी जोडली जात नाही म्हणून विंडोजमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती चालू करा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये जगभरचे संगणक ओलीस धरणारा वॉनाक्राय त्याच आवृत्तीतल्या भोकातून शिरला होता. कोडीच्या सेटिंगमध्ये किमान आवृत्ती दोन किंवा तीन निवडता येते, ती निवडा.

खेळ कुठून आणायचे, हा मुलांचा पुढचा प्रश्न. जुना झाला म्हणून खेळ फुकट होत नाही, आपल्याकडेही कॉपीराइट दीर्घकाळ टिकतो. पण फुकट वाटलेलेही चांगले खेळ आहेत. डूमचा पहिला भाग १९९३ मध्ये कंपनीनेच वाटायला दिला. दाइसुके अमाया या जपानी माणसाने एकट्याने काही वर्षे खपून 'केव्ह स्टोरी' रचला आणि २००४ मध्ये तो मोफत दिला. यंदा चवथीला आमच्याकडे तोच चालला होता. आईने आरतीची तयारी करता करता विचारले, "इंटरनेट ना मरे, मागीर हीं भुरगीं किदें खेळटात?"

भाच्याने तिला माडीपासून टीव्हीपर्यंतची केबल बोटाने दाखवत नेली.