कनेक्टिंग रॉडची लांबी कोण ठरवतं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ साली स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. वाळूजला बजाज १९८५ पासून होतीच, त्यामुळे दुचाकी आणि रिक्षांची इंजिनं इथल्या मिस्त्र्यांच्या सवयीची झाली होती. ऑक्टाव्हियाच्या बॉनेटखाली मात्र फोक्सवॅगनची चार सिलिंडरची इंजिनं होती. त्या पहिल्या गाड्या आता वीस वर्षांपलीकडे गेल्या आणि हौशी मालक त्यांची इंजिनं नव्यानं बांधून घेतात. पिस्टन, रिंगा, मेटल, होनिंग अशी यादी झाली, की घरातला एखादा उत्साही पुतण्या विचारतोच: पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड जरा लांब टाकला तर?

प्रश्न अगदीच वेडा नाही. अमेरिकेतल्या शर्यतींच्या दुनियेत स्मोकी युनिक हा नामांकित मिस्त्री लांब रॉडचा कट्टर पुरस्कर्ता होता. रॉड क्रँकबरोबर डावी-उजवीकडे कलतो आणि कलला की पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर रेटतो. रॉड लांब असेल तर तो कमी कलतो, भिंत कमी झिजते.

ऑक्टाव्हियाची दोन इंजिनं शेजारी ठेवली की हे दिसतं. आरएस मॉडेलमधलं १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल आणि १.९ लिटरचं टीडीआय डिझेल, दोन्हींत रॉडची लांबी एकच: १४४ मिलिमीटर. पेट्रोलचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८६.४ मिलिमीटर, डिझेलचा ९५.५. म्हणून पेट्रोलचा रॉड जास्तीत जास्त साडेसतरा अंश कलतो, डिझेलचा एकोणीस अंशांहून थोडा जास्त. पिस्टनवरचा जोर सारखाच धरला, तर त्या क्षणी पेट्रोलमध्ये त्याच्या ३१ टक्के आणि डिझेलमध्ये ३५ टक्के रेटा भिंतीवर येतो. तरीही ही डिझेल इंजिनं लाखो किलोमीटर पळालेली आहेत. पुतण्याला एवढं सांगितलं तरी निम्मा उत्साह ओसरावा. (लांबी एक असली तरी हे रॉड एकमेकांत बसत नाहीत, पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनची जाडी वेगळी आहे.)

उरलेला उत्साह वजाबाकी घालवते. पेट्रोल इंजिनात क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत सुमारे २२० मिलिमीटर जागा आहे. त्यातला अर्धा स्ट्रोक, म्हणजे ४३.२, क्रँक घेतो. पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचे ३२.८ पिस्टनचे. उरले १४४. रॉड सहा मिलिमीटर लांब घ्यायचा, तर ते सहा मिलिमीटर पिस्टनमधून कापावे लागतील, आणि तिथेच तर रिंगांच्या खाचा नि पिन दाटीवाटीनं बसलेल्या असतात. बदल्यात मिळतं काय? कलण्याचा कोन पाऊण अंशानं कमी, आणि वर पोचताना पिस्टनला बसणारा झटका जेमतेम एक टक्क्यानं हलका. खास घडवलेल्या पिस्टनचा खर्च वेगळाच. लांब स्ट्रोकचा क्रँक टाकणार असाल तर सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते, तेव्हा रॉडचा विचार जरूर करा. रस्त्यावरच्या गाडीसाठी मूळ लांबीच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी लांबी बघायची ती डिझेलमध्ये, आणि तीही मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानं. टीडीआयचा पिस्टन सर्वांत वर आला की ब्लॉकच्या माथ्याबाहेर किंचित डोकावतो. डायल गेज लावून चारही पिस्टन मोजायचे. सर्वांत जास्त डोकावणारा ०.९१ ते १.०० मिलिमीटर भरला तर एका भोकाच्या खुणेची हेड गॅस्केट, १.०१ ते १.१० ला दोन भोकांची, १.११ ते १.२० ला तीन भोकांची. घाईत हे मोजमाप टाळून जुन्यासारखीच गॅस्केट मागवली जाते.

याच मोजणीत एखादा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहिला तर मालकाला पावसाळ्याबद्दल विचारावं. नाल्याच्या पाण्यात घातलेल्या गाडीनं हवेच्या नळीतून पाणी ओढलं, तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. या इंजिनात दाबाचं प्रमाण १९.५ ला १, म्हणजे पिस्टन वर असताना एका सिलिंडरमध्ये जागा उरते ती पंचवीस-सव्वीस मिलिलिटर. त्याहून जास्त पाणी आत असेल तर कुणीतरी हरतं, आणि बहुधा रॉडच वाकतो. वाकलेला रॉड म्हणजे आखूड झालेला रॉड. गंमत अशी, की असं इंजिन पाणी काढल्यावर पुन्हा सुरूही होतं. एका सिलिंडरचा दाब कमी, जरा थरथर, थोडा जास्त धूर, एवढ्यावर महिनेच्या महिने चालतं. मग एखाद्या दिवशी महामार्गावर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो.

असा रॉड प्रेसवर सरळ करून देणारे भेटतात. त्यांच्याकडे देऊ नये. एकदा वाकून सरळ केलेल्या लोखंडात चीर राहिली आहे का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. नवा रॉड घ्यावा, उरलेल्या तिघांशी त्याचं वजन जुळवावं आणि बोल्ट नवेच वापरावेत, कारण ते घट्ट करताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तेवढीच पकड देतील याची खात्री नसते. आणि गाडी पाण्यात बंद पडली, तर चावी फिरवून पाहण्याचा मोह आवरून आधी टोइंगवाल्याला फोन लावावा. पाण्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं कलम वेगळं घ्यावं लागतं.