न टेकता थांबवणारा ब्रेक

घरातल्या व्यायामाच्या सायकलीचं प्लॅस्टिकचं झाकण एकदा उघडून बघावं. क्रँक उतरवायचे, चार-सहा स्क्रू काढायचे, की आत जे दिसतं ते इतकं थोडं असतं की पैसे नेमके कशाचे दिले असा प्रश्न पडावा. क्रँकच्या आसावर एक मोठी पुली. पुढे लोखंडाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि त्याच्या आसावर दुसरी, अगदी लहान पुली. दोघींवरून फिरणारा काळा पट्टा आणि तो ताणून धरणारं एक बारकं चाक. जड चाकाच्या कडेला, जेमतेम काही मिलिमीटर अंतर राखून, चुंबकं चिकटवलेली एक लोखंडी कमान. चाक कितीही जोरात फिरो, कमान त्याला कुठेच टेकत नाही.

यंत्राचा आवाज बहुतेक वेळा कशाचा असतो? काहीतरी घासतं नाहीतर आपटतं त्याचा. घरची व्यायामयंत्रं शांत झाली ती आवाजावर पांघरूण घालून नव्हे. आतलं एकेक घासणं आणि आपटणं काढून टाकत ती इथवर आली आहेत.

आधी गेली चेन. सायकलच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेन चक्रावरून गोल जाते असं आपल्याला वाटतं, पण कड्या सरळ असल्यामुळे प्रत्यक्षात ती बहुकोन करून बसते. त्यामुळे चक्र एकसारखं फिरत असलं तरी चेनचा वेग दात्यागणिक किंचित कमी-जास्त होतो आणि प्रत्येक कडी दात्यावर बसताना हलकीशी आपटते. ५२ दात्यांचं चक्र मिनिटाला ८० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला जवळपास ७० वेळा घडतं. रस्त्यावर रहदारीत ते कुणाच्या कानावरही येत नाही; बंद खोलीत पहाटे पाच वाजता तीच घरघर सगळ्या घराला उठवते. शिवाय चेनला तेल हवं, आणि ते उडणार फरशीवर.

तिच्या जागी आलेला पट्टा वरून सपाट दिसतो, पण त्याच्या आतल्या अंगाला लांबीच्या दिशेने बारीक धारा असतात आणि पुलीवर त्यांच्या जोडीच्या खाचा. मोटारीच्या इंजिनात अल्टरनेटर फिरवणारा आणि बऱ्याच वॉशिंग मशीनमध्ये ड्रम फिरवणारा पट्टा याच जातीचा. धारा लांबीला असल्यामुळे दात्यावर दाता बसण्याचा प्रश्नच येत नाही; सगळी पकड घर्षणाची. मात्र पकड घर्षणाची म्हटली की ताणाला महत्त्व आलं. पट्टा सैल असेल तर जोर लावताच तो घसरतो आणि चीं चीं ओरडतो. वाजवीपेक्षा जास्त आवळला तर गप्प राहतो, पण सगळा भार बेअरिंगवर जातो आणि काही महिन्यांत तीच गुरगुरायला लागतात.

आवाजाचं झालं, आता हिसक्यांचं. पायाचा जोर फेऱ्यात सगळीकडे सारखा लागत नाही. पायडल खाली जाताना तो भरपूर असतो. क्रँक उभा झाला, म्हणजे एक पाय वर आणि एक खाली असला, की जवळजवळ शून्यावर येतो. मिनिटाला ६० फेरे म्हणजे १२० धक्के आणि मधे तितक्याच पोकळ जागा. त्या भरून काढायचं काम जड चाकाचं. शेतातल्या डिझेल इंजिनाला हँडल मारून सुरू करताना ज्यांनी हात दुखवून घेतले आहेत, त्यांना या चाकाचा स्वभाव सांगायला नको: गती घ्यायला कुरकुरतं, पण एकदा घेतली की सोडत नाही.

जाहिरातीत या चाकाचं वजन ठळक छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्यावरच भाव करतं. माझ्या मते ही शुद्ध फसगत आहे. फिरत्या चाकातली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते हे खरं. वजन दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते, आणि तेच वजन दुप्पट त्रिज्येवर नेलं तरी चौपट. म्हणून पुल्यांचं गुणोत्तर विचारावं, आणि लोखंड चाकाच्या मध्यभागी आहे की कडेला, तेही बघावं. समजा, चाक ६ किलोचं, २४ सेंटिमीटर व्यासाचं, सगळीकडे सारख्या जाडीचं आहे, आणि मोठी पुली लहानीच्या आठपट आहे. पाय मिनिटाला ६० फेरे मारतील तेव्हा चाक ४८० मारेल आणि त्यात सुमारे ५५ ज्यूल ऊर्जा साठलेली असेल. आता रस्त्यावर या. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, वेग ताशी २० किलोमीटर: बाराशे ज्यूलच्या वर. रस्त्यावर स्वाराचं स्वतःचं वजनच फ्लायव्हील असतं. दिवाणखान्यातली सायकल कितीही महाग घेतली तरी ‘खऱ्यासारखी’ का वाटत नाही, याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मग चाक आणखी वेगाने का पळवू नये? तिथे तोलाचा प्रश्न आडवा येतो. ४८० फेऱ्यांच्या चाकात आसापासून दहा सेंटिमीटरवर फक्त दहा ग्रॅम लोखंड एका बाजूला जास्त असलं, तर ते आसाला पाव किलोच्या जोराने ओढतं, आणि ती ओढ सेकंदाला आठ वेळा दिशा फिरवत सांगाड्याला हलवते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट. कारखान्यात चाक फिरवून जड बाजू शोधतात आणि तिथलं लोखंड ड्रिलने थोडं काढतात. झाकण उघडलंच आहे तर चाकाच्या कडेजवळ बोट फिरवून बघा. दोन-तीन उथळ, आरपार न गेलेली भोकं हाताला लागली तर तो दोष समजू नका. कुणीतरी ते चाक तोलून पाहिल्याची खूण आहे.

आता ती न टेकणारी कमान. पूर्वी, आणि स्वस्त सायकलींत अजूनही, फेल्टचा किंवा चामड्याचा ठोकळा चाकावर दाबून रोध निर्माण करतात. तो झिजतो, भुसा पाडतो, घामाने ओला झाला की कुंथतो. चुंबकाची युक्ती मात्र आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेली होती. जुन्या वीजमीटरच्या काचेमागे ॲल्युमिनियमची चकती फिरायची आणि महिनाअखेरीला आपण तिच्याकडे धास्तीने बघायचो; तिच्या कडेला एक कायमचा चुंबक बसवलेला असे, तो तिला न शिवता लगाम घालण्यासाठी. धातू चुंबकासमोरून सरकला की त्यात विजेचे भोवरे उठतात, आणि ते भोवरे त्याच हालचालीला विरोध करतात. लेओं फूको यांनी १८५५ मध्ये तांब्याची चकती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवून, ती फिरवायला जास्त जोर लागतो आणि ती तापते, हे दाखवलं होतं. १९१३ मध्ये कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी याच तत्त्वाचा ब्रेक असलेली सायकल प्रयोगशाळेसाठी बांधली, स्नायूंचं काम मोजायला. पुढे १९२० मध्ये नोबेल मिळालेले शरीरशास्त्रज्ञ ते हेच. त्यांना शांतता नको होती, मोजता येईल असा रोध हवा होता. शांतता आपल्याला फुकटात मिळाली.

या ब्रेकचा मऊपणाही त्याच्या स्वभावातच आहे. त्याचा रोध वेगाबरोबर वाढतो आणि थांबलेल्या चाकावर शून्य असतो, त्यामुळे पहिल्या पायडलला अडखळायला होत नाही. त्याच कारणाने चाक जागच्या जागी धरून ठेवणं त्याला जमत नाही. ज्या सायकलींत पायडल आणि चाक घट्ट जोडलेली असतात, पाय थांबवले तरी पायडल फिरतच राहतात, तिथे हँडलखालची मूठ दाबली की फेल्टचा ठोकळा चाकावर येऊन बसावाच लागतो. आणखी एक बारकावा: भोवऱ्यांची ऊर्जा उष्णता होते, तापलेल्या धातूतून वीज कमी वाहते, आणि रोध थोडा सैलावतो. अर्ध्या तासाने तोच आकडा जरा सोपा वाटू लागला तर सगळं श्रेय दमाला देऊ नये.

शांतता सगळ्यांनाच हवी असते असंही नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ड्रायसिगॅकर बंधूंनी १९८१ मध्ये कन्सेप्ट टू कंपनीचं पहिलं रोइंग यंत्र विकायला काढलं, त्यात सायकलचं चाक होतं आणि त्याला हवा कापणारी पाती. तिथे हवाच ब्रेक. पात्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, पाण्यात होडी वल्हवताना लागते साधारण तशीच, म्हणून वल्हवण्याच्या खेळातली माणसं ती घोंघावणारी यंत्रं अजून सोडत नाहीत. आवाजावरून त्यांना आपल्या ओढीचा अंदाज येतो.

ट्रेडमिलचं दुखणं वेगळं. मोटार शांत असते, पट्टा आणि खालच्या लाकडी फळीत सिलिकॉन तेल घातलेलं असतं, फळीखाली रबराचे गादीवजा ठोकळेही असतात. पण धावणाऱ्याचं पाऊल पडतंच, आणि तो धक्का फळीतून सांगाड्यात, तिथून स्लॅबमध्ये उतरतो. वरच्या मजल्यावरच्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. खालच्याच्या छतावर धप धप सुरू. सोसायटीच्या सभेत दोघेही खरंच बोलत असतात. पातळ, कडक रबरी चटई टाकली की बारीक कंप अडतात, पण जड धप्प जवळजवळ तशीच खाली जाते. ती अडवायला चटई जाड आणि मऊ लागते, आणि फार मऊ झाली तर यंत्र डुलतं. सायकलीला हा त्रास कमी, कारण तिथे पाऊल आपटत नाही. चारही पाय जमिनीला नीट टेकलेत ना, एवढं बघून खालचे आटे फिरवले की पुरतं.

एवढं करूनही फेऱ्यागणिक एक टक असा आवाज येत असेल, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी पायडल तपासा. बऱ्याचदा ती पुरेशी आवळलेली नसतात, किंवा आट्यांना ग्रीसच लावलेलं नसतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळतं. नेहमीच्या सवयीने उजवीकडे जोर लावत बसलात तर पायडल सैल होत जाईल आणि टकटक वाढेल.