रेडिओ केंद्रात प्रोसेसर बसविताना : माईकवाल्या बांधवांसाठी एक नवे काम

लग्नाचा मंडप असो, उरूस असो की निवडणुकीची सभा, माईक लावण्याच्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कारागीर आहेत. मात्र हंगाम सरला की हात रिकामे. अशा बांधवांपुढे आम्ही आज एक वेगळे काम ठेवीत आहोत. २००६ साली केंद्र सरकारने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे अशाच प्रकारचे केंद्र. या छोट्या केंद्रांना यंत्रे बसवून देणारा जाणकार माणूस लागतो.

स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये एक पेटी असते, तिला ऑडिओ प्रोसेसर म्हणतात. अमेरिकेतील ऑर्बनचा ‘ऑप्टिमॉड’ १९७५ मध्ये आला आणि हा प्रकार रूढ झाला. हळू बोलणारा आणि ओरडणारा, दोघांचा आवाज ती एका पातळीवर आणते आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. एफएममध्ये ही मर्यादा ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनची. ती ओलांडली की शेजारच्या केंद्रात खरखर होते आणि तक्रार परवानाधारकावर येते.

पेटी पुष्कळदा अमेरिकेतून, जुनी, स्वस्तात आलेली असते. येथेच घात होतो. आमच्या परिचयाच्या एका कारागिराने अशी पेटी रॅकमध्ये चढवून थेट वीज दिली. मागचा व्होल्टेजचा खटका ११५ वर होता आणि आपली वीज २३० ची. पॉवर सप्लाय जळाला, मजुरी तर गेलीच, भरपाईही खिशातून द्यावी लागली. म्हणून आधी खटका पाहावा, मग अर्थिंग, मगच बटण.

दुसरा खटका दिसत नाही, कारण तो सेटिंगमध्ये असतो. एफएममध्ये बारीक, तीक्ष्ण स्वर मुद्दाम वाढवून पाठवितात आणि रेडिओ संच ते परत उतरवितो. यालाच प्री-एम्फसिस म्हणतात. अमेरिकेत त्याचे माप ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. पेटी ७५ वरच राहिली तर ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. श्रोता म्हणतो आवाज कर्कश आहे, आणि केंद्रवाले निष्कारण माईक बदलत बसतात! शिवाय ही वाढ एकाच ठिकाणी व्हावयास हवी. प्रोसेसरनेही केली आणि ट्रान्समीटरनेही केली, तर लिमिटरची सारी मेहनत वाया जाते आणि मर्यादा ओलांडली जाते. प्रोसेसरमधून तयार स्टिरिओ, म्हणजे कंपोझिट, सिग्नल जात असेल तर ट्रान्समीटरचे प्री-एम्फसिस बंदच हवे.

पातळी लावताना कानावर भिस्त ठेवू नये. प्रोसेसर टेस्ट मोडमध्ये टाकून ४०० हर्ट्झचा टोन सोडावा आणि मॉड्युलेशन मीटरवर शंभर टक्के, म्हणजे ७५ किलोहर्ट्झ, येईपर्यंत आउटपुट हळूहळू वाढवावा. स्टिरिओचा १९ किलोहर्ट्झचा पायलट ८ ते १० टक्क्यांत ठेवावा. मीटर नसेल तर भाड्याने आणावा, पण अंदाजाने काम करू नये.

यानंतर प्रीसेट. व्यवस्थापक हमखास म्हणणार, ‘भाई, आवाज अजून जोरदार करा.’ मंडपात आपण तसे करतोही, तेथे दोन तासांचा मामला असतो. रेडिओ दिवसभर वाजतो. दाबून दाबून जोरदार केलेला आवाज अर्ध्या तासात कंटाळा आणतो, आणि बोलणाऱ्याच्या दोन शब्दांमध्ये पंख्याचा आवाज वर येतो. गप्पा-मुलाखतींच्या केंद्राला सौम्य प्रीसेटच योग्य, असे आमचे मत. लावून झाल्यावर एखाद्या रिक्षात, चहाच्या टपरीवर जाऊन ऐकावे.

निवेदकाच्या हेडफोनचेही पाहावे. डिजिटल प्रोसेसरमधून आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो. तोच हेडफोनमध्ये दिला तर त्याला स्वतःचे बोलणे पोकळ वाटते आणि तो अडखळतो. हेडफोन सरळ मिक्सरवरून द्यावा.

काम संपले की सर्व सेटिंग कागदावर लिहून एक प्रत केंद्रात ठेवावी आणि पासवर्ड त्यांच्या स्वाधीन करावा. पासवर्ड आपल्याकडे अडवून ठेवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. यंत्र त्यांचे आहे, आपल्याकडे ती अमानत. बिलात मात्र ‘बसविणे’ आणि ‘सेटिंग व मोजणी’ या रकमा वेगळ्या लिहाव्यात. नाहीतर दोन दिवसांच्या मोजणीचे पैसे वायर ओढण्याच्या मजुरीत जमा धरले जातात.