ईश्वरीची वेल लावा, पण औषध म्हणून नाही

‘ईश्वरीची वेल दारात असली की साप फिरकत नाही, आणि चावलाच तर तिचं मूळ उगाळून द्यावं.’ सापसंद या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या देशी वेलीबद्दलची ही समजूत गावातून चाळीत आली आणि अजून टिकून आहे. मुंबईतल्या हिंदमातासारख्या भागात ती ऐकली की चीड येते, कारण सर्पदंशावरच्या लसीशी जिचं नाव जोडलेलं आहे ती हाफकिन संस्था इथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला आहे. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागे. वेलीमुळे तो दूर राहतो याला पुरावा नाही. ‘पण अमक्याला मूळ दिलं आणि तो वाचला,’ असं सांगितलं जातं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असं नाही. म्हणजे तो माणूस मुळाशिवायही वाचला असता. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनलं, त्याचा मात्र मोलाचा वेळ उगाळण्यात जातो. ईश्वरीच्या अर्काने सापाच्या विषातल्या काही एन्झाइमांना आळा बसतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण परीक्षानळीतला परिणाम म्हणजे उपचार नव्हे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यंच लागतात, आणि ती रुग्णालयात मिळतात.

शिवाय ही वेल पोटात घेणंच धोक्याचं आहे. तिच्यातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं. बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात याच कुळातली एक चिनी वनस्पती चुकून मिसळली गेली आणि शंभरावर लोकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा प्रकार उजेडात आणला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे आम्ल कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. ‘आजीने घेतलं, काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण दुखणं वर्षांनंतर उघड होतं आणि तोवर काढा कुणाच्या लक्षातही नसतो.

मग लावायची कशाला? याच विषासाठी. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातली पानंच खातात आणि ते आम्ल अंगात साठवतात. काळसर अंगावर लाल मांसल गाठी असलेली अळी पक्षी सहसा टाळतात. पुढे फुलपाखराचं लाल धडही तोच इशारा देतं. या संरक्षणाचा फायदा तिसऱ्यालाही मिळतो: गॅलरीतल्या कढीपत्त्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या बिनविषारी असूनही हुबेहूब या दोघांसारख्या दिसतात. माणसाला घातक ठरणारं रसायन इथे दोन जातींचं कवच आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘अळ्या पडल्या, फवारा मारा’: पानं कुरतडली जाणं हेच वेल लावण्याचं फळ आहे, फवारू नका. ‘फुलावर फुलपाखरू बसत नाही, म्हणजे वेल वाया गेली’: तिच्या नळीसारख्या फुलात बारीक माश्या अडकतात आणि परागीकरण त्याच करतात, फुलपाखरू पानांवर अंडी घालायला येतं, मधासाठी शेजारी एक्झोरा ठेवा. ‘शोभेची परदेशी बदकवेलही चालेल’: ऑस्ट्रेलियात अशा वेलीवर बर्डविंग फुलपाखरं अंडी घालतात आणि अळ्या पानं खाऊन मरतात. म्हणून रोपवाटिकेत देशी ईश्वरीच मागा. हात लावल्याने काही होत नाही, पण लहान मुलं पानं तोंडात घालणार नाहीत अशा उंचीवर कुंडी टांगा. आणि साप चावला तर वेलीकडे न वळता माणसाला न हलवता झोपवा, गाडी बोलवा आणि थेट केईएम रुग्णालय गाठा.