बेगड, म्यान आणि काडतूस

'बेगडी' हा शब्द आपण शिवी दिल्यासारखा वापरतो. पण आम्ही शाळेत होतो तेव्हा आपल्या परभणीकडच्या गावांत स्नेहसंमेलनाचं नाटक बसायचं, आणि मावळ्यांच्या पुठ्ठ्याच्या तलवारींवर चकचकीत बेगड चिकटवलेली असे. ती कुणाला फसवत नव्हती. पहिल्या रांगेतली पोरंसुद्धा ओळखून होती.

सिनेमातली तलवार मात्र फसवते, आणि पात्यापेक्षा म्यानातून जास्त. तलवार उपसली की पडद्यावर 'खण्ण' होतं. जुनं म्यान बहुधा लाकडाचं, वरून कातडं नाहीतर मखमल. धातू फार तर तोंडाशी आणि टोकाला. त्यातून पातं बाहेर येताना कसला आलाय खणखणाट? तो आवाज मागाहून भरलेला. गंमत अशी, की एखाद्या दिग्दर्शकाने खरं म्यान आणून खरा आवाज ठेवला, तर आपणच म्हणू, 'तलवार खोटी वाटते!'

म्हणजे 'खरं' म्हणताना आपण दोन-तीन प्रश्न एकत्र कालवतो. २०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली. वस्तू म्हणून ती खरीच. पण अफझलखानाच्या वेळी शिवाजी महाराजांच्या हातात होती ती हीच का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. सिनेमातल्या वाघनखांना हे कुणी विचारत नाही. बोटांत बसली, कॅमेऱ्यात दिसली, काम झालं.

बंदुकीपाशी आलो की हा कालवा जिवावर बेततो. १९९३ साली अमेरिकेत 'द क्रो'च्या चित्रीकरणात ब्रँडन ली, म्हणजे ब्रूस लीचा मुलगा, गोळी लागून गेला. रिव्हॉल्वर खरं होतं. जवळून नीट दिसावीत म्हणून खऱ्या काडतुसांतली दारू काढून खोटी काडतुसं केली होती. पण बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी तशीच राहिली. तेवढ्या ठिणगीने एक गोळी सुटली आणि नळीत अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्वरमध्ये नुसत्या बाराचं काडतूस भरलं. त्याच्या दारूने अडकलेली गोळी बाहेर ढकलली.

दोन्ही काडतुसं खोटीच की! एकात दारू नव्हती, दुसऱ्यात गोळी नव्हती. दोघांचं मिळून एक खरं काडतूस तयार झालं. चाप ओढण्याआधी कुणी त्या नळीतून एकदा उजेडाकडे बघितलं असतं, तरी ती गोळी दिसली असती.