होडीच्या विजेच्या मोटारीचा वेग

मुळशीच्या धरणाखालीं गांवें बुडालीं. त्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला व सेनापति बापट त्याचे पुढारी झाले. त्या पाण्यावर भिऱ्यास वीज होते. इतक्या मोलाची वीज तारेंत जाळावी काय? जलाशयावर मासे धरण्यास निघालेल्या होडींत हा प्रश्न रोकडा होतो, कारण बॅटरी संपली कीं वल्हीं हातीं घ्यावीं लागतात.

होडीची १२ व्होल्टची मोटार पूर्ण वेगानें ४० अँपिअर घेते असें धरावें. पाणी कापणाऱ्या पंख्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाप्रमाणें बदलते. वेग निम्मा केला कीं ती अष्टमांशावर येते, म्हणजे ढोबळ मानानें ६ व्होल्ट व १० अँपिअर. जुन्या रीतीनें मध्यें रोधक तार घातली तर बॅटरीस मात्र १२ व्होल्टांवर १० अँपिअर द्यावेच लागतात, आणि निम्मी वीज तार तापविण्यांत जाते. मुंबईस १९२५ पासून धावूं लागलेल्या विजेच्या गाड्याही सुटतांना अशीच वीज जाळीत.

आतां ट्रान्झिस्टरनें प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडतां-जोडतां येतो. जोडलेला काळ निम्मा ठेवला कीं बॅटरीवरील सरासरी भार पांचच अँपिअर. ती दुप्पट टिकते. मात्र मोटारीच्या वेटोळ्यांतील प्रवाह एकाएकीं थांबत नाहीं. त्याला फिरावयास वाट म्हणून मोटारीच्या दोन टोकांमध्यें उलटा डायोड जोडावा लागतो. तो विसरल्यास ट्रान्झिस्टर जळतो, आणि तेंही बहुधा कांठापासून दूर असतांना.