रोजचे हुकूम एकदाच लिहा

सोलापुरी चादरीवरची नक्षी विणकर दर ओळीला नव्याने ठरवत बसत नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जकार्डवर एकदा चढवली, की ताण्याचे कोणते धागे उचलायचे हे मागाला आपोआप कळते. संगणकाच्या प्रोग्राममधली चूक शोधणाऱ्या डीबगरलाही असेच एकदा सांगून ठेवता येते.

डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय घडते आहे ते दाखवणारे साधन. लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. त्याला हुकूम टाइप करून द्यावे लागतात. लांब उत्तर पानापानाला अडू नये, गुंतागुंतीची माहिती ओळीओळीने मांडावी, कालचे हुकूम आज पुन्हा हाताशी असावेत, या साध्या गोष्टीही दर वेळी नव्याने सांगायच्या! चूक हाती लागत आलेली असते आणि विचार नेमका तिथेच तुटतो.

यावर उपाय सोपा आहे. आपल्या होम डिरेक्टरीत एक साधी मजकुराची फाइल करायची. तिचे नाव जीडीबीइनिट. ते इंग्रजी लहान अक्षरांत लिहायचे आणि आधी टिंब द्यायचे. आत एका ओळीला एक हुकूम: 'सेट पेजिनेशन ऑफ', 'सेट प्रिंट प्रिटी ऑन', 'सेट हिस्टरी सेव्ह ऑन'. जीडीबी उघडताच ही फाइल वाचतो.

इथे एक गंमत आहे. प्रोग्राम अमुक ठिकाणी थांबव, हा हुकूमही बरेच जण याच फाइलीत घालतात आणि तो चालत नाही. कारण ही फाइल वाचली जाते तेव्हा प्रोग्राम अजून आत आलेलाच नसतो. असे हुकूम वेगळ्या फाइलीत ठेवून 'एक्स' पर्यायाने ती फाइल द्यावी. ती प्रोग्राम आल्यानंतर वाचली जाते. आपल्या सवयी घरच्या फाइलीत, कामाचे हुकूम कामाच्या फाइलीत.

आता धोक्याचे. या फाइलीतून संगणकाचे इतर हुकूमही चालवता येतात, अगदी फाइली पुसण्याचेसुद्धा. इंटरनेटवरून उतरवलेल्या एखाद्या प्रकल्पात कुणी अशी फाइल दडवून ठेवली तर? म्हणूनच २०१२ मध्ये आलेल्या ७.५ या आवृत्तीपासून, आपण विश्वासाची म्हणून न नोंदवलेल्या फोल्डरमधली फाइल जीडीबी आपणहून वाचत नाही, तसा इशारा देतो. तो इशारा नकोसा वाटून सगळ्याच फोल्डरांना मोकळीक देणारी मंडळी आहेत. तसे करू नये. हवे तेवढे एकच फोल्डर नोंदवावे. शंका असेल तर 'एनएक्स' पर्याय द्यावा. मग जीडीबी अशी एकही फाइल न वाचता उघडतो.